तीन सिलिंडरच्या गाडीचे चार प्लग

गाडीच्या दुरुस्तीत एकूण २८,५०० रुपये गेले. पहिल्या फेरीत १८,५०० आणि दुसऱ्या फेरीत १०,०००. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण गेले तीन आठवडे घरात कुणी विचारलं की मी "पंधराएक हजार" असं पुटपुटतो आणि विषय बदलतो. ज्या बिघाडासाठी हे पैसे गेले, तो दुसऱ्या गॅरेजमध्ये ४,६७० रुपयांत निघाला. पाऊण तासात.

गॅरेजमध्ये कसं फसवतात हे मला नवीन नव्हतं. न बदललेला पार्ट बिलात लावायचा, बदलला तर हलका लावायचा, "इंजिन गेलंय" म्हणून घाबरवायचं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. माझी समजूत अशी, की हे गाडी टाकून निघून जाणाऱ्यांच्या बाबतीत होतं. मी तर दोन तास बॉनेटपाशी उभा होतो. त्यात माझा व्यवसाय हिशेब तपासणीचा. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासतो मी. म्हणून हे लिहिताना हात जड होतोय.

त्रास साधाच होता. गाडी सुरू केली की थरथरायची, सिग्नलला उभी असताना मिसिंग मारायची, चढाला पिकअप नव्हता. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. त्याच आठवड्यात वडिलांना एक दिवसाआड तपासणीला न्यायचं होतं, गाडीशिवाय चालणार नव्हतं. चार ठिकाणी विचारत बसायला सवड नव्हती, म्हणून वाटेवरच्या एका बऱ्यापैकी मोठ्या, स्वच्छ दिसणाऱ्या गॅरेजमध्ये गेलो. आता लोक म्हणतात, चौकशी करायची होती. वडील मागच्या सीटवर धापा टाकत बसलेले असताना कोण चौकशी करतं ते मला सांगा.

गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र, लावला. पडद्यावर कोड आला पी ०३०२. तो मी स्वतः वाचला. "साहेब, हा ट्यूनिंगचा कोड आहे. फुल ट्यूनिंग केल्याशिवाय दिवा जाणार नाही," असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली.

पी ०३०२ चा अर्थ सरळ आहे: दोन नंबरचा सिलिंडर मिसफायर करतोय, त्यात पेट्रोल नीट पेटत नाहीय. पी ०३०० म्हणजे मिसफायर, पण तो कुठल्या एका सिलिंडरवर बोट ठेवत नाही. ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, ०३०२ म्हणजे दुसरा, ०३०३ म्हणजे तिसरा. यंत्राने दुखणं कुठल्या खोलीत आहे ते सांगितलं होतं, आणि हा माणूस अख्खा वाडा पाडायला निघाला होता. कोडचा फोटो काढा. आधी फोटो, मग बोलणं. अर्थ शोधायला दोन मिनिटं लागतात आणि ही दोन मिनिटं मी दिली नाहीत.

कोड आला म्हणजे पार्ट कळला असंही नाही. मिसफायर ठिणगी पाडणाऱ्या प्लगमुळे होतो, प्लगला जोराची वीज देणाऱ्या कॉइलमुळे होतो, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर चोंदल्यामुळे होतो, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब गेल्यामुळेही होतो. त्यातलं नेमकं काय, हे तपासूनच ठरतं. त्याने तपासलं काहीच नाही. स्कॅनर काढला आणि थेट पार्टची यादी लिहायला घेतली.

आता तो क्षण, जो रात्री झोपू देत नाही.

काम झाल्यावर त्याने वर्तमानपत्राच्या तुकड्यावर जुने प्लग आणले. "साहेब, बघा काय अवस्था झालीय." आणि एकेक करून माझ्या तळहातावर ठेवले. एक, दोन, तीन, चार. मोठ्याने मोजत. काळेकुट्ट, काजळी धरलेले. त्यातला एक मी उलटा करून पाहिलासुद्धा. हात काळा झाला तो रुमालाला पुसला. माझ्या मनात एवढंच आलं की बिचारा प्रामाणिक आहे, न मागता जुने पार्ट दाखवतोय. बिलावरही लिहिलेलं: प्लग ४, दर ७८०, एकूण ३,१२०. गुणाकार मी तपासला. बरोबर होता.

माझी गाडी तीन सिलिंडरची आहे.

तीन सिलिंडरला तीन प्लग. चौथा प्लग बसवायला जागाच नाही. आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही! गाडी घेतली तेव्हा घरी येईल त्याला मीच सांगायचो, "तीन सिलिंडर आहे, म्हणून उभी असताना जरा थरथरते." तोच मी, हातात चार प्लग घेऊन उभा होतो आणि बेरीज करत होतो. त्या क्षणी फक्त मोजलं असतं तर एक रुपया गेला नसता. तो माझ्यासमोर मोजत होता, आणि मी ऐकत होतो.

उरलेलं बिलही लिहितो, म्हणजे असंच बिल कुणाच्या हातात पडलं तर ओळखू येईल. हाय टेन्शन वायरचा सेट २,४५०. एअर फिल्टर ६९०. इंजिन फ्लश १,३५०. इंजेक्टर क्लिनिंग २,८००. थ्रॉटल बॉडी क्लिनिंग १,२००. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर ३,४८०. ट्यूनिंग व टायमिंग सेटिंग २,५००. स्कॅनिंग १,०००. प्लग धरून बेरीज १८,५९०. वरचे ९० त्याने सोडले आणि मी त्याचे आभार मानले. बिल साध्या कागदावर, ना नंबर ना शिक्का. पक्कं बिल मागितलं तर टॅक्स वेगळा पडेल म्हणाला. पक्कं बिल घ्याच, टॅक्स भरून घ्या. पुढे प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न तोच येतो.

ऑइल बदललं होतं, हे मी नाकारत नाही. डिपस्टिकवर रंग दिसत होता. बाकीचं ऐका.

दिवा विझला होता, म्हणून मी निर्धास्त होतो. स्कॅनरने कोड उडवला की दिवा विझतो. दुरुस्ती केली असेल तरी विझतो, नसेल तरी विझतो. दोष तसाच असेल तर पुढच्या काही फेऱ्यांत कॉम्प्युटर तो पुन्हा पकडतो. माझा तिसऱ्या दिवशी पेटला, आणि चढावर तर लुकलुकायला लागला. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर जोरात आहे, न जळलेलं पेट्रोल धुराच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जातंय आणि तो तापून कायमचा निकामी होऊ शकतो. दिवा लुकलुकला तर गाडी रेटू नका. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तशीच चालवत राहिलो, एकूण बारा दिवस.

पाचव्या दिवशी परत त्याच्याकडेच गेलो. का गेलो? पैसे दिले होते म्हणून. जिथे पैसे अडकले तिथेच माणूस परत जातो. या वेळी त्याने इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडलं, आतून येणारी वाफ दाखवली आणि चेहरा पाडून म्हणाला, "रिंगा गेल्यात साहेब. कॉम्प्रेशन नाही. हाफ इंजिनचं काम निघणार." एस्टिमेट ४६,५००. पार्ट मागवायला १०,००० ॲडव्हान्स. मी दिले. उभ्या उभ्या फोनवरून दिले.

चालू इंजिनचं ते झाकण उघडलं तर थोडी वाफ, थोडा धूर चांगल्या इंजिनातूनही येतो. कॉम्प्रेशन झाकण उघडून कळत नाही, त्याला गेज लागतं. इंजिन गरम करायचं, सगळे प्लग काढायचे, पेट्रोल आणि स्पार्क बंद ठेवायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि एकेका सिलिंडरचा आकडा लिहून घ्यायचा. कुठला एखादा बराच खाली आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा, नाही आला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. आकडा दाखवल्याशिवाय कुणी "इंजिन उतरवू" म्हणालं तर चावी काढून घ्या आणि निघा.

वडिलांची सोमवारची तपासणी होती म्हणून गाडी त्या दिवशी तिथे सोडली नाही. एवढ्याच कारणाने इंजिन उघडायचं वाचलं, माझ्या हुशारीने नाही.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने त्याच्या ओळखीच्या वयस्कर फिटरकडे नेलं. लहानसं गॅरेज. काकांनी आधी काहीच ऐकून घेतलं नाही, वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि मला जवळ बोलावलं. "या बोल्टांवरची धूळ बघा." तीन कॉइल, प्रत्येकीच्या खाली एक प्लग, तीन बोल्ट, आणि बोल्टांच्या खाचांत वर्षानुवर्षांची धूळ चिकटून घट्ट बसलेली. तिथे पानाच लागला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "जुने प्लग दाखवले का?" मी डिकीतून पिशवी आणून चार प्लग त्यांच्यासमोर ठेवले. काकांनी एकदा प्लगांकडे पाहिलं, एकदा इंजिनाकडे, आणि काही बोलले नाहीत. तेव्हा मी मोजले.

त्या चारमध्येही दोन वेगळ्या कंपनीचे होते आणि एकाचे आटे बाकीच्यांपेक्षा लांब. कुठल्या कुठल्या गाड्यांतून काढलेले असतील. हाच संच त्याने आणखी किती जणांच्या हातावर ठेवला असेल?

काकांची तपासणी साधी होती. दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरवर लावली, तीनची दोनवर. कोड उडवला, गाडी फिरवून आणली. आता कोड आला पी ०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला म्हणजे कॉइल खराब. पंधरा मिनिटं. पार्ट विकत घेण्याआधी ही अदलाबदल करायला सांगा, याला खर्च काहीच नाही. मग त्यांनी गेज लावून कॉम्प्रेशन दाखवलं: १२, ११.५ आणि १२ किलो. रिंगा ठणठणीत. माझेच जुने प्लग निघाले. त्यांच्यावर तसली काजळी नव्हतीच, फिकट तपकिरी रंग होता. फक्त गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, वाढून १.४ मिलिमीटर झालेला, हवा होता १.० च्या आसपास. मॅन्युअलप्रमाणे ते ४०,००० किलोमीटरला बदलायचे होते आणि गाडी ६१,४०० ला आलीय. ही हयगय माझी. वाढलेल्या गॅपने कॉइलवर ताण येतो, असं काका म्हणाले.

कॉइल २,१५०, तीन प्लग १,९२०, मजुरी ६००. एअर फिल्टर उघडला तर कोपरा दुमडलेला माझा जुनाच, नुसता हवा मारलेला. आता मी फिल्टरच्या कडेला पेनाने तारीख लिहितो. तुम्हीही गाडी देण्याआधी लिहा.

आणि त्या २,४५० च्या वायरी? माझ्या गाडीत प्रत्येक प्लगवर थेट कॉइल बसते. हाय टेन्शन वायर नाहीच. जुन्या गाड्यांत वीज एकेका प्लगला वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर नाही, त्यामुळे हाताने टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, सेट करायलाही काही नाही, ते कॉम्प्युटर करतो. कार्ब्युरेटर आणि पॉइंटच्या जमान्यातलं ट्यूनिंग या इंजिनांत उरलेलंच नाही. आता ट्यूनिंग म्हणजे प्लग, फिल्टर, ऑइल, गरज असेल तर थ्रॉटल बॉडीची सफाई, आणि कोड वाचून नेमकी तपासणी. बिलात "टायमिंग सेटिंग" दिसलं तर तिथेच थांबवून विचारा, कशाचं टायमिंग, कुठे सेट केलं, दाखवा.

गॅरेजवाल्याने ॲडव्हान्स परत दिला नाही. "पार्ट मागवलेत." पार्ट दाखव म्हटलं तर "वाटेत आहेत." चौथ्या फोननंतर फोन उचलणं बंद.

मग पोलीस. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी होते, त्यांनी कागद उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत ना? मग दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." मी चार प्लग टेबलावर ठेवले. तीन सिलिंडर, चार प्लग, याहून उघड खोटं काय असतं? ते म्हणाले, टेबल खराब होईल, उचला. परिवहन कार्यालयात गेलो तर म्हणे गॅरेजवर आमचं नियंत्रण नाही. गाडीच्या कंपनीला फोन केला तर बाहेर काम का केलंत म्हणून माझीच झडती, आणि वर वॉरंटीची धमकी, जी मुळात संपलेली आहे. ग्राहक तक्रारीच्या फोनवर अठरा मिनिटं थांबलो. तक्रार घेतली, नंबर दिला, आणि नवव्या दिवशी संदेश आला: समोरच्या पक्षाकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. प्रतिसाद नाही म्हणून बंद! समोरचा गप्प बसला की सुटला. ज्याने फसवलं त्याने काहीच करायचं नाही, आणि ज्याचे पैसे गेले त्याने रजा टाकून टेबलं फिरायची, झेरॉक्स काढायच्या, प्रत्येकाला तीच लाजिरवाणी हकीकत पहिल्यापासून सांगायची. एकाने तर हसून विचारलं, "तुम्ही हिशेब तपासता ना?" तो प्रश्न मला २८,५०० पेक्षा जास्त लागला.

काकांनी त्यांच्या लेटरहेडवर लिहून दिलंय: किलोमीटरचं रीडिंग, आधीचे दोन्ही कोड, कॉम्प्रेशनचे तीन आकडे, जुने प्लग न काढल्याची नोंद. त्याला १०,००० च्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट जोडलाय. साध्या कागदावरचं बिलही जोडलंय, कारण त्यावर त्याच्याच हाताने "प्लग ४" लिहिलंय. बुधवारी ग्राहक आयोगात अर्ज दाखल करतोय. चार प्लग त्याच पिशवीत ठेवलेत, पुसलेले नाहीत.