एलएसएमडब्ल्यू: मास्टर डेटासाठी भरवशाचं, पण मेमरीचा हिशेब आधी समजून घ्या

सॅप या कंपन्यांचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मास्टर डेटाच्या (मटेरियल, ग्राहक अशा कायमच्या नोंदींच्या) हजारो ओळी एकदम भरायच्या असतील तर एलएसएमडब्ल्यू हे त्याच्यातलंच साधन आजही बऱ्याच टीमचं पहिलं हत्यार आहे. वेगळे पैसे पडत नाहीत आणि साध्या कामाला अबॅप या सॅपच्या प्रोग्रामिंग भाषेची एक ओळही लिहावी लागत नाही. प्रोजेक्ट, सबप्रोजेक्ट आणि ऑब्जेक्ट तयार केलं की १४ पायऱ्यांची यादी समोर येते. सोर्स स्ट्रक्चर, फील्ड, मॅपिंग, फाइल जोडणं, रीड, कन्व्हर्ट आणि शेवटी बॅच इनपुट सेशन (पडद्यावर आपोआप भरायच्या नोंदींचा गठ्ठा), असा तो रस्ता. रीड आणि कन्व्हर्टनंतर डेटा दाखवणाऱ्या पायऱ्या कंटाळा करून गाळू नका. एक्सेलने पुढची शून्यं खाल्लेली असतील तर ती तिथेच दिसतात.

डेटा आत टाकायच्या चार पद्धती आहेत: स्टँडर्ड प्रोग्राम, रेकॉर्डिंग, बापी (थेट नोंद करणारं सॅपचं तयार फंक्शन) आणि आयडॉक (डेटा देवाणघेवाणीचा सॅपचा ठरलेला साचा). लोक रेकॉर्डिंगकडे धावतात, कारण ते १० मिनिटांत होतं. पण रेकॉर्डिंग म्हणजे पडद्यावर कुणीतरी टाइप केल्यासारखंच काम. म्हणून तारीख आणि दशांश चिन्ह सेशन चालवणाऱ्या युजरच्या एसयू३ (वैयक्तिक सेटिंगचा पडदा) मधल्या सेटिंगप्रमाणेच हवं. रेकॉर्डिंगची रचना सपाट असते, त्यामुळे कधी ३ आयटम तर कधी ३० आयटम असलेली ऑर्डर त्यात बसत नाही. तिथे सरळ बापी घ्या. ती पडद्यांवरून जात नाही, त्यामुळे वेगही चांगला मिळतो.

खरी मेख सॅप मेमरीत आहे. युजरने लॉगिन केल्यापासून त्याच्या सगळ्या खिडक्यांना ही मेमरी सामाईक असते. सेट पॅरामीटर या आज्ञेने ठेवलेलं मूल्य गेट पॅरामीटर ही आज्ञा उचलते, आणि पडद्यावरची अनेक फील्ड हे आपणहून करतात. एफबी०१ हा हिशेबाची नोंद करायचा पडदा घ्या. कंपनी कोडचं फील्ड ‘बीयूके’ या पॅरामीटरला बांधलेलं आहे. फाइलमध्ये तो रकाना रिकामा राहिला आणि टार्गेटला ‘/’ ही नो-डेटाची खूण गेली, तर सिस्टीम त्या फील्डला हात लावत नाही. मग सेशन समोर पडद्यावर चालवताना त्या युजरने आधी वापरलेला कंपनी कोड तिथे बसतो आणि नोंद भलत्याच कंपनीच्या खात्यावर पडू शकते. एररही येत नाही, आणि मला हेच सगळ्यात घातक वाटतं. नवी खिडकी उघडून मेमरी पुसली जात नाही, लॉग ऑफ करावं लागतं. त्याहून पक्का उपाय म्हणजे मॅपिंगच्या रूलमध्ये रिकाम्या रकान्याची तपासणी घालून ‘स्किप ट्रान्झॅक्शन’ (ती नोंद गाळणारी आज्ञा) लावणं.

अबॅप मेमरी वेगळी. ती एकाच खिडकीतल्या, एकमेकांना बोलावणाऱ्या प्रोग्रामपुरती असते. एक्स्पोर्ट टू मेमरी आयडीने ठेवायचं आणि इम्पोर्टने घ्यायचं. स्वतःचा बीडीसी (पडदे आपोआप भरणारा) प्रोग्राम लिहून त्यातूनच कॉल ट्रान्झॅक्शन या आज्ञेने नोंद केली, तर ‘हा लोड चालू आहे’ अशी खूण यूजर एक्झिटपर्यंत (सॅपच्या प्रोग्राममध्ये आपला कोड घालायची जागा) नीट पोचते. तेच काम एसएम३५ (बॅच इनपुट सेशन चालवायचा पडदा) च्या सेशनने केलं तर ट्रान्झॅक्शन तुमच्या प्रोग्रामच्या साखळीबाहेर चालतं. इम्पोर्टला काही मिळत नाही, एसवाय-सबआरसी (आज्ञा यशस्वी झाली का ते सांगणारा आकडा) ४ येतो आणि एक्झिट गप्प बसतो. टेस्टमध्ये चाललेलं प्रॉडक्शनला बिघडतं ते बऱ्याचदा असं. त्यामुळे एलएसएमडब्ल्यूच्या सेशनसाठी अशी खूण कस्टम टेबलमध्ये ठेवलेली बरी. आणि आयडी न देता फ्री मेमरी ही पुसायची आज्ञा कधी लिहू नका, साखळीतल्या बाकीच्यांचा डेटाही जातो.

एरर हाताळणीला मात्र पूर्ण मार्क. चुकलेली ट्रान्झॅक्शन एसएम३५ मध्ये तशीच राहतात. लॉग वाचा, कारण दुरुस्त करा आणि फक्त तेवढीच पुन्हा चालवा. आधी ५ ओळी समोर पडद्यावर, मग ५० ओळी, आणि त्यानंतरच बाकीच्या बॅकग्राउंडला. रीडची पायरी बॅकग्राउंडला टाकायची असेल तर फाइल अॅप्लिकेशन सर्व्हरवर हवी. लॅपटॉपवरची फाइल तिथून दिसत नाही.

मालाचं वर्णन मराठीत भरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मटेरियलच्या वर्णनाला ४० अक्षरांची जागा असते, आणि मात्रा व हलंत वेगळे मोजले जातात. ‘स्क्रू’ डोळ्यांना एक अक्षर वाटतं, पण जागा ६ घेतं. फाइल युनिकोडमध्ये सेव्ह करा आणि कोड पेज त्याला जुळणारं निवडा.

एस/४हाना या सॅपच्या नव्या आवृत्तीवर असाल तर नवं काम यात सुरू करू नका. तिथे ते उघडतं, पण सॅप स्वतःच शिफारस करत नाही. ग्राहक आणि पुरवठादार बीपीत (बिझनेस पार्टनर, दोघांसाठी एकच पडदा) गेल्यामुळे एक्सडी०१, एक्सके०१ या त्यांच्या आधीच्या पडद्यांची जुनी रेकॉर्डिंग निकामी झाली आहेत. मायग्रेशन कॉकपिट या सॅपच्या नव्या डेटा भरायच्या साधनात तयार टेम्पलेट आणि आधी सिम्युलेशनची सोय आहे, तेच घ्या. ईसीसी या सॅपच्या जुन्या आवृत्तीवर मटेरियल, किंमत आणि कॉस्ट सेंटरसारख्या सपाट मास्टर डेटासाठी एलएसएमडब्ल्यूला ५ पैकी ४. आयटमवाल्या व्यवहारांसाठी रेकॉर्डिंगला २.