तो मराठीत बोलला, म्हणून मी पैसे पाठवले

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमाच्या दोन तिकिटांपायी माझे २१,६०० रुपये गेले. तिकिटं खोटी होती. इतके दिवस हे लिहायचं मी टाळलं, कारण बेळगावात माझा छापखाना आहे आणि तिकिटं, पास, पावतीपुस्तकं छापण्यातच माझं आयुष्य गेलं. खरं गेल्या महिन्यात दुकानात जे घडलं त्यानंतर गप्प बसणं बरं वाटेना.

माझी धाकटी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. नववीत असल्यापासून ती हा बँड ऐकते. हट्ट करणारी पोर नाही. आपण होऊन तिनं मागितलेली ही पहिली महागडी गोष्ट. २२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी बारा वाजता तिकीटविक्री उघडली. घरातले तीन फोन आणि दुकानातला कॉम्प्युटर घेऊन आम्ही अकरापासूनच बसलो होतो. साइट बंद पडली, परत उघडली आणि रांगेत आमचा सगळ्यात पुढचा नंबर लागला तो चार लाखांच्या पलीकडे. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये पन्नास हजारांच्या आसपास माणसं मावतात. आधी १८ आणि १९ जानेवारी असे दोनच कार्यक्रम होते, गर्दी बघून २१ तारीख वाढवली, तरी आमच्यापर्यंत काही आलं नाही. पोरगी रडली नाही. जेवण झाल्यावर गच्चीवर जाऊन बसली, तेच मला जास्त लागलं.

दरांबद्दल थोडं लिहितो, कारण फसवणुकीचं मूळ तिथंच आहे. अधिकृत तिकिटं २,५०० पासून १२,५०० रुपयांपर्यंत होती, लाउंजचं ३५,०००. मी धंद्यात पडलो तेव्हा ट्रेडल मशीनवर नाटकांची तिकिटं छापायचो, पिवळी, गुलाबी आणि पांढरी. पुढच्या रांगांचं शंभर, मधलं पन्नास, मागचं वीस. नंबरिंग करायचं, मधे परफोरेशन मारायचं, स्थळप्रत आयोजकाकडं राहायची. आजच्या मोठ्या कार्यक्रमाचं तिकीट इतकं का, हे मी समजून घेतलं. कॅसेट, सीडी विकून गायकाला मिळणारा पैसा आटला, कमाई आता दौऱ्यांवरच. स्टेज, पडदे, दिवे यांचे कंटेनर देशोदेशी फिरतात. पाचशेच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, वर बुकिंगचं शुल्क, त्या शुल्कावरही जीएसटी. आणि आपल्याकडच्या पोरांना असा कार्यक्रम बघायचा तर मुंबई नाहीतर बेंगळुरू गाठावं लागतं. दोन्हीकडं पाचशे किलोमीटर. जाण्यायेण्याचं स्लीपरचं भाडं, एक रात्र, खाणंपिणं. साडेचार हजारांचं तिकीट घरी परतेपर्यंत आठ हजारांच्या घरात जातं.

एवढे पैसे घालावेत का? मला विचाराल तर ज्याला आतून ओढ आहे त्यानं वर्षा-दोन वर्षांत एकदा घालावेत. ज्या जिल्ह्यात, सुळेभावीत, कुमार गंधर्व जन्मले तिथल्या माणसाला गाण्याची किंमत सांगायला नको. समोर बसून ऐकलेलं आयुष्यभर पुरतं. खरं छापील किमतीच्या वर एक रुपयाही घालू नये, हे मी आता ठामपणे सांगतो. तो वरचा पैसा गाणाऱ्याला जात नाही, तबल्या-गिटारवाल्याला जात नाही, दिवे लावणाऱ्या पोरालाही जात नाही.

डिसेंबरच्या शेवटी तिच्या कॉलेजच्या एका ग्रुपवर कुणीतरी नंबर टाकला. १९ जानेवारीची दोन तिकिटं आहेत, घरात लग्न निघालं म्हणून विकायची आहेत. तिनं मला दाखवलं आणि लगेच म्हणाली, "नको बाबा, फसवतात." मीच म्हणालो, बोलून तर बघू.

फोन उचलल्या उचलल्या समोरून आवाज आला, "जय महाराष्ट्र काका! मी मूळचा निपाणीचा, सध्या पुण्यात नोकरीला. बेळगावात मावशी असते, शहापूरला. बाहेरच्याला पंधराच्या खाली दिलं नसतं, आपल्या भागातली मुलगी आहे म्हणून नऊला देतो." साडेचार हजारांचं तिकीट नऊ हजारांना.

सीमाभागाबाहेरच्या वाचकांना हे कदाचित नीट कळणार नाही. आमच्याकडं पाटी, पावती, अर्ज, सगळीकडं भाषेचा प्रश्न उभा असतो. अनोळखी माणूस मराठीत बोलला की मनातलं एक दार आपोआप उघडतं. हा आपला, असं वाटतं. त्या माणसाला हे दार ठाऊक होतं. फोटोच्या जागी भगवा झेंडा, तोंडात आपल्या गावांची नावं, प्रत्येक वाक्याला काका. अर्धा तास बोललो आम्ही. तिकिटांचं पाच मिनिटं, बाकी सगळं निपाणीची तंबाखू, पुण्यातली भाडी आणि त्याच्या आईचं दुखणं.

आता आठवतं. निपाणीचा म्हणवणारा माणूस अर्धा तास बोलला आणि एकदाही "पण"च्या जागी "खरं" म्हणाला नाही. मला ते तेव्हाच खटकलं होतं. पुण्यात राहून बोली पुसली असेल, असं मीच मनाला सांगितलं.

त्यानं बुकिंगच्या पानाचा व्हिडिओ पाठवला, स्वतःचं म्हणून आधार कार्ड पाठवलं. आधी ९,००० टोकन मागितलं. यूपीआयवर नाव वेगळंच आलं, तर म्हणाला रूममेटचं खातं आहे, माझं लिमिट संपलं. आमची मंडळी शेजारीच होती. "ओळख ना पाळख, कशाला पैसे घालता ओ?" म्हणाली. मी तिला आधार कार्ड दाखवलं. टोकन गेलं. दोन दिवसांनी दोन पीडीएफ आले, ते फोनवरच बघितले आणि उरलेले ९,००० पाठवले. ११ जानेवारीला त्याचा फोन आला की गेटवर तिकीट आणि ओळखपत्र जुळलं पाहिजे, नावबदलाचे ३,६०० भरा, कार्यक्रम झाला की परत मिळतील. नावबदलासाठी माझं आधार कार्डही मागितलं. पैसेही दिले, आधारचा फोटोही दिला. तोवर बसची तिकिटं काढून झाली होती आणि नेरूळच्या मावसबहिणीला कळवूनही झालं होतं.

१३ जानेवारी, संक्रांतीच्या आदला दिवस. दुकानात असताना त्याचा मेसेज आला, नावबदल झाला, ३,६०० परत करतोय, रिक्वेस्ट आलीय तिच्यावर पिन टाका. तिथं माझा हात थांबला. माझ्या काउंटरवर दिवसाला वीस-पंचवीस जण स्कॅन करून पैसे देतात. पैसे घेताना मी आजवर कधी पिन टाकलेला नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

मग ते दोन्ही पीडीएफ मी पहिल्यांदा दुकानातल्या मोठ्या पडद्यावर उघडले आणि पोटात गोळा आला. आसनक्रमांकाचे आकडे बाकीच्या ओळीपेक्षा केसभर खाली बसले होते. रुपयाचं चिन्ह एका टाइपातलं, पुढची रक्कम दुसऱ्या. खाली बुकिंगची वेळ होती, २२ सप्टेंबर, सकाळी ११ वाजून ४ मिनिटं. विक्री बाराला उघडली होती. आमच्या घरात ती वेळ लहानथोर सगळ्यांना पाठ होती. हे सगळं त्या कागदावर पहिल्या दिवसापासून होतं. मी फोनच्या चार बोटांच्या काचेवर बघितलं आणि बघितलं असं समजलो.

त्याला फोन लावला तर एकदा वाजला आणि नंबर बंद झाला.

१९३० हा सायबर फसवणुकीचा देशभरचा नंबर आहे. मी तो शोधण्यात आणि घरच्यांना कसं सांगू या विचारात तीन तास घालवले. ते तीन तास मला अजून टोचतात. फोन लागल्यावर त्यांनी विचारलं ते सगळं यूपीआयच्या व्यवहारात मिळतं, म्हणजे व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम, समोरचा आयडी. तक्रारीचा नंबर लगेच मिळाला. दुसऱ्या दिवशी सायबर, आर्थिक गुन्हे आणि अमली पदार्थांसाठीचं जे सीईएन पोलीस ठाणं असतं, तिथं गेलो. माझं कन्नड कामापुरतं. तिथल्या हवालदारांनी माझी सगळी हकीकत मोडक्या मराठीत विचारून घेतली, तक्रार कन्नडमध्ये लिहिली, वाचून दाखवली, न समजलेला प्रत्येक शब्द समजावून सांगितला आणि मगच सही घेतली. आपल्या भाषेत गोड बोललेल्यानं मला लुटलं होतं. त्या दिवशी मला सावरलं ते दुसऱ्या भाषेतल्या माणसानं. हे मला लिहायलाच हवं होतं.

त्यांच्याकडूनच कळलं की पैसे ज्या खात्यात गेले तेही भाड्यानं घेतलेलं होतं, महिन्याला काही पैसे देऊन एका गरजू माणसाकडून. पहिले १८,००० त्याच त्याच दिवशी पुढं सरकून एटीएममधून निघाले होते. शेवटचे ३,६०० मात्र खात्यातच अडकले. न्यायालयाचा आदेश होऊन ते मला ऑगस्टमध्ये परत मिळाले. पहिला हप्ता दिल्याच्या तासाभरात फोन केला असता तर कदाचित ते नऊ हजारही अडवता आले असते.

पैशांपेक्षा वाईट गोष्ट मार्चमध्ये घडली. सांगलीहून एका बाईंचा फोन आला, आवाज रागानं थरथरत होता. "तुम्ही माझ्या मुलाचे बारा हजार खाल्लेत." दुसऱ्याच कुठल्या कार्यक्रमाची तिकिटं विकताना त्या माणसानं स्वतःची ओळख म्हणून माझं आधार कार्ड पाठवलं होतं. पत्त्यावरून त्यांनी छापखाना शोधला, पाटीवरून नंबर. म्हणजे मला आलेलं आधारही माझ्यासारख्याच कुणाचं तरी असणार. त्यांना माझ्या तक्रारीची प्रत पाठवली, तेव्हा त्या शांत झाल्या आणि मग बराच वेळ आम्ही दोघं एकमेकांची समजूत घालत बसलो. लगेच ठाण्यात जाऊन मी ही पुरवणी माहिती लिहून दिली, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. आधारचा फोटो ही कुणाच्याही खरेपणाची खूण नाही. कुठं द्यायचंच झालं तर शेवटचे चार आकडेच दिसतात ते मास्क्ड आधार द्या आणि तिकिटासाठी कुणालाच देऊ नका.

मी एकटा नव्हतो, हेही नंतर समजलं. ऑक्टोबर २०२४ मध्येच अंमलबजावणी संचालनालयानं, म्हणजे ईडीनं, कोल्डप्ले आणि दिलजीत दोसांझ यांच्या तिकिटांच्या काळाबाजाराबद्दल पाच राज्यांत छापे घातले होते. इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप, टेलिग्रामवरून खोटी तिकिटं विकली जातात, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. बातमी मी वाचली नव्हती असं नाही. मुंबई-दिल्लीचं प्रकरण म्हणून पान उलटलं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीनं केलेली तिकिटांची अनधिकृत विक्री हा किरकोळ संघटित गुन्हा धरला आहे, शिक्षा एक ते सात वर्षं. कायदा आहे. त्या टोळीपर्यंत पोचायला मात्र तुमची-माझी तक्रार लागते, आणि लाजेनं घरात बसलेले लोक ती करत नाहीत. माझ्याच ओळखीत अशी दोन घरं निघाली, एक खानापूरचं, एक बेळगावातलंच. मी बोललो तेव्हा ते बोलले.

धाकटीनं मला एका शब्दानं दुखवलं नाही. २६ जानेवारीला अहमदाबादचा कार्यक्रम ओटीटीवर थेट दाखवला, तो आम्ही घरातल्या टीव्हीवर बघितला. शेवटच्या गाण्याला ती उठून उभी राहिली, स्टेडियममध्ये उभी राहिली असती तशी. मला बघवेना, मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो.

ते दोन पीडीएफ मी मोठे करून छापले आणि काउंटरच्या काचेखाली ठेवले. खाली बसलेले आकडे, वेगळ्या टाइपातलं रुपयाचं चिन्ह आणि ११ वाजून ४ मिनिटं, तिन्हींभोवती लाल शाईनं गोल केलेत. प्रिंट काढायला येणारी पोरं विचारतात, मी सांगतो.

गेल्या महिन्यात संध्याकाळी एक मुलगा आला, वडगावचा. बेंगळुरूच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं छापून हवी होती. काचेखालचं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याच्याच फोनवरनं फाइल घेऊन मोठ्या पडद्यावर उघडली. आसनाचे आकडे खाली बसलेले होते. "पैसे कधी पाठवलास?" म्हटलं. त्यानं फोनवर वेळ बघितली. चाळीस मिनिटं झाली होती. मी त्याला खुर्ची दिली, व्यवहार क्रमांक कागदावर उतरवायला लावला आणि काउंटरवरच्या फोनवरून १९३० लावला.