जुनी पत्रं लॅमिनेशनला देऊ नका, नाशिकला भद्रकालीतल्या बाईंडिंगवाल्या काकांकडे आणा

आमचे अण्णा म्हणजे माझे आजोबा १९७१ ला बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला रिक्रूट होते. ३ डिसेंबरला लढाई सुरू झाली, १६ ला संपली पण, तरी यांचं ट्रेनिंग चालूच. तेव्हाची निफाडहून पणजीने पाठवलेली आणि अण्णांनी घरी लिहिलेली अकरा आंतरदेशीय पत्रं ट्रंकेत होती, घड्यांवर पार विरलेली.

पणजीला लिहिता वाचता येत नव्हतं, शेजारचे गुरुजी लिहून द्यायचे आणि आलेलं वाचून दाखवायचे. म्हणून अण्णा आतल्या पट्टीवर गुरुजींना वेगळं लिहायचे, की पायाला फोड आलेत, रगडा (शिक्षेची कवायत) फार लागतो, एवढं आईला वाचून दाखवू नका.

आधी एक पत्र दुसरीकडे दिलेलं, त्यांनी न विचारता गरम लॅमिनेशन मारलं आणि नेमकी ती पट्टी दुमडलेली तशीच चिकटली. गुरुजींना काय लिहिलं होतं ते गेलंच. मला खूप रडू आलं त्या दिवशी.

मग कुणीतरी भद्रकालीतल्या या बाईंडिंगवाल्या काकांचं दुकान सांगितलं. काकांनी आधी एका कोपऱ्यात शाईला ओला कापूस टेकवून बघितला, शाई लगेच फुटली, म्हणाले हिला पाणी लावायचंच नाही, आणि मग नुसत्या घड्यांना मागून पातळ जपानी कागद अगदी कोरडसर खळीने लावला. जुन्या सेलोटेपचे पिवळे डाग पूर्ण जाणार नाहीत हे आधीच सांगितलं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठीचं ५ पैशांचं जादा तिकीट तेव्हा लावायला लागायचं, ती तिकिटंही जागच्या जागी आहेत.

तिसऱ्या दिवशी फोन, ताई एका पत्रावर लाल डाग आहे, काढू का? अहो तो डाग नाही, सप्तशृंगी गडावरचं कुंकू आहे, पणजीने बोटाने लावलेलं, बाजूला गुरुजींच्या अक्षरात लिहिलंय की हे कपाळाला लावून मगच परेडला जा. विचारलं म्हणून वाचलं!!

तीन आठवडे सांगून पाच लागले, गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा. पण आता बाकीचं प्रत्येक पत्र उघडतं, दोन्ही बाजूंनी वाचता येतं, अण्णा स्वतः उघडून वाचतात. लॅमिनेट झालेलं पण नेलं होतं, काकांनी बराच वेळ उजेडात धरून बघितलं आणि हे माझ्याच्याने होणार नाही म्हणून पैसे न घेता परत दिलं.