एकट्याने वापरायचा स्टँड आणि माझे ९,७२८ रुपये

माझे एकूण ९,७२८ रुपये गेले. त्यांपैकी १,९९९ रुपये मोटारसायकलच्या स्टँडचे, २,७३० रुपये त्या स्टँडवरून पडलेल्या गाडीच्या दुरुस्तीचे आणि ४,९९९ रुपये परताव्याच्या नावाखाली माझ्याच हाताने दिलेले आहेत. मी बावीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवतो, तरफ आणि गुरुत्वमध्य हे धडे दरवर्षी मुलांना समजावून सांगतो, आणि तरीही फसलो. हे लिहिताना लाज वाटते. पण त्याच जाहिरातीवर आणखी कोणी पैसे भरत असेल, तर ही लाज गिळून लिहिणे भाग आहे.

गाडी माझ्या मुलाची. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि ती माझ्याकडे आली. तिला मेन स्टँड नाही, केवळ साइड स्टँड आहे. शाळेला येऊन-जाऊन माझे रोज ऐंशी किलोमीटर होतात आणि रस्ता परभणी जिल्ह्यातल्या काळ्या मातीतून जातो. पावसाळ्यात शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर डांबरावर आलेला चिखल चेनमध्ये जाऊन बसतो आणि वाळला की स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चाक, खाऊ लागतो. पाचशे किलोमीटरला एकदा चेन धुऊन तेल द्यायचे म्हटले, तर माझ्यासाठी ते दर रविवारचे काम होते. मुलगा होता तोवर तो गाडी तोलून धरी आणि मी चाक फिरवीत असे. आता घरात गाडी धरायला कोणी नाही, म्हणून एकट्याला मागचे चाक उचलता येईल असा स्टँड मी शोधू लागलो.

छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानदाराने ३,८०० रुपये सांगितले होते. मोबाइलवरच्या जाहिरातीत तसाच दिसणारा स्टँड १,९९९ रुपयांना होता आणि ‘क्षमता ३०० किलो, एका माणसाचे काम’ असे त्याखाली लिहिले होते. माझी गाडी दीडशे किलोंहून थोडी जड आहे आणि मागच्या चाकावर त्यातला साधारण निम्माच भार येतो, असा हिशेब करून मी निश्चिंत झालो. हा हिशेब चूक नव्हता. मी निष्काळजीपणे पैसे उधळले असे कोणी म्हणू नये. दोन रात्री मी त्या जाहिरातीतला व्हिडिओ पाहिला होता.

आणि तरीही जे दिसायला हवे होते ते दिसले नाही. साइड स्टँडवर उभी केलेली गाडी डावीकडे कललेली असते. एकट्या माणसाची खरी अडचण स्टँडचा दांडा दाबण्याची नसते. कललेली गाडी एका हाताने सरळ करून तोलून धरायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने स्टँडच्या दोन्ही भुजा स्विंगआर्मखाली, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांखाली, नेमक्या बसवायच्या, ही ती अडचण असते. त्या व्हिडिओतली गाडी पहिल्या क्षणापासून सरळ उभी होती. तिचा साइड स्टँड वर घेतलेला होता. आणि चित्र टाकीपाशीच कापलेले होते, हँडल एकदाही दिसत नव्हते. म्हणजे चौकटीबाहेर दुसरा माणूस हँडल धरून उभा होता. साइड स्टँड वर असताना गाडी आपोआप उभी राहत नाही, हे दहा वर्षांच्या पोरालाही कळते. मी ते दृश्य किमान वीस वेळा पाहिले असेन. आजही झोपताना तेच डोळ्यांसमोर येते. स्टँडचा व्हिडिओ पाहताना स्टँडकडे पाहू नका, हँडल कोणी धरले आहे ते पाहा.

स्टँड आठ दिवसांनी आला. पाईप फोटोतल्यापेक्षा उघडच बारीक होता. सोबतच्या कागदावर ‘आधी साइड स्टँड बंद करा’ अशी सूचना होती. ही सूचना घातक आहे, कारण चाक पूर्ण उचलले जाईपर्यंत, आणि त्यानंतरही, साइड स्टँड उघडा ठेवला तरच गाडी घसरल्यावर तिला आधार राहतो. रविवारी, ११ ऑगस्ट २०२४ रोजी, अंगणातल्या शहाबादी फरशीवर मी पुढच्या ब्रेकचा लिव्हर रबराच्या पट्टीने बांधला, डाव्या हाताने सीटमागचा ग्रॅब रेल (धरायचा दांडा) धरून गाडी सरळ केली, कागदावरच्या सूचनेप्रमाणे साइड स्टँड बंद केला आणि उजव्या हाताने दांडा दाबला. चाक चार बोटे उचलले गेले, आणि डावी भुजा सांध्यातून पिळून वाकली. गाडी डाव्या अंगावर गेली. मी पाय मागे घेतला म्हणून वाचलो. क्लच लिव्हर तुटला, इंडिकेटर फुटला, टाकीला पोचा पडला.

आमच्या इथल्या फॅब्रिकेशनवाल्याने तो सांधा पाहिला आणि म्हणाला, “सर, ही वेल्डिंग नाही, नुसते चार टाके हाणून वरून रंग मारलाय.” सांध्यावर वेल्डिंगची सलग कड दिसत नसेल, तर तो स्टँड घेऊ नये. दोन भुजांमधले अंतर कमी-जास्त करता येत नसेल, तरीही घेऊ नये. स्विंगआर्मला स्पूल (स्टँडच्या खाचेत बसणारी गोल खुंटी) बसवण्यासाठी आट्यांचे छिद्र असेल, तर स्पूलवर बसणारा खाचेचा स्टँड घ्यावा, कारण नुसत्या रबरी गादीवर स्विंगआर्म सरकू शकतो आणि एकट्या माणसाला तो सरकताना थांबवता येत नाही.

आता ४,९९९ रुपयांचे. मी विक्रेत्याच्या क्रमांकावर संतापाने फोन केला. पलीकडचा माणूस अत्यंत नम्र होता. स्टँडचे १,९९९ आणि गाडीच्या नुकसानीचे ३,००० असे ४,९९९ रुपये परत करतो म्हणाला आणि त्याने क्यूआर कोड पाठवला. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातात; ही क्लृप्ती सर्वांना ठाऊक आहे. मलाही होती, पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे मी स्वतः सहकाऱ्यांना सांगितले होते. परंतु पडलेली गाडी समोर होती, हात थरथरत होते आणि माझ्याकडून न मागताच नुकसानभरपाई देणारा माणूस मला प्रामाणिक वाटला. पिन टाकला आणि पैसे गेले. संतापलेल्या अवस्थेत परताव्याचा फोन करू नये.

त्याच संध्याकाळी मी पोलीस ठाण्यात गेलो. दीड तास बसवून ठेवल्यावर मला विचारण्यात आले की एवढ्याशा रकमेसाठी गुन्हा कशाला. दुसऱ्या दिवशी सांगितले, पैसे ज्या राज्यात गेले तिथे तक्रार करा. तिसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे जायचे ते रजेवर होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे आणि तिच्या कलम १७३ नुसार फसवणुकीसारखा दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची माहिती ठाण्याने नोंदवून घ्यायची असते. हे मला तेव्हा ठाऊक असते, तर मी त्या बाकावरून उठलो नसतो. बँकेने एका वाक्यात विषय संपवला: पिन तुम्ही टाकला, म्हणून व्यवहार तुमच्या संमतीचा. निदान समोरचे खाते गोठवण्यासाठी पत्र तरी पाठवा, अशी मी विनवणी केली, तर मला अर्ज लिहायला सांगितला. तो लिहून दिल्यावर त्याची पोच देण्याचा अधिकार आपल्याला नसल्याचे सांगण्यात आले. आठ हजारांच्या कर्जाचा एक हप्ता चुकला, तर याच लोकांना माझे घर सापडते. ज्याला लुटले त्याचीच उलटतपासणी ठाण्यात आणि बँकेत झाली, आणि ज्याने लुटले त्याला अजून कोणी एक प्रश्न विचारलेला नाही. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या तासात फोन केला नाही, ही माझी चूक आहे. तुमच्याकडून पैसे गेले, तर ठाण्यात जाण्याआधी तो करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच अडवता येते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला शुल्क नाही. पण त्यासाठी विरुद्ध पक्षाचे नाव आणि पत्ता लागतो. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम विक्री करणाऱ्या संकेतस्थळाला आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव दाखवायला लावतात. माझ्या विक्रेत्याच्या पानावर यातले काहीही नव्हते आणि मी ते शोधलेही नव्हते. पैसे भरण्याआधी पानाच्या अगदी तळाशी जाऊन या तीन गोष्टी शोधा.

सध्या मी साइड स्टँडवरच्या कललेल्या गाडीच्या उजव्या बाजूला, स्विंगआर्मखाली लावायचा आट्यांचा लहान जॅक वापरतो. त्याच फॅब्रिकेशनवाल्याने तो ४५० रुपयांत करून दिला. गाडी साइड स्टँडवर टेकलेलीच राहते, चाक बोटभर उचलले जाते आणि इंजिन बंद ठेवून हाताने फिरवता येते. मोडका स्टँड मी भंगारात दिलेला नाही. तो पार्सलच्या पोत्यासह आणि लेबलासह कपाटावर ठेवला आहे. अशाच १,९९९ च्या स्टँडचे पार्सल कोणाकडे आले असेल, तर त्यांनी पाठवणाऱ्याचा पत्ता असलेले लेबल फाडू नये. आयोगात देण्यासाठी मला त्या पत्त्याची दुसरी खूण हवी आहे.