कोल्हापूर ते न्यूअर्क, चिमीच्या कार सीटसह : अकरा महिन्यांनंतर

नवऱ्याचं काम अमेरिकेत न्यूजर्सीला आणि आमचं घर कोल्हापूरच्या राजारामपुरीत. त्यामुळे गेल्या अकरा महिन्यांत माझ्या लेकीला, चिमीला घेऊन मुंबई-न्यूअर्क विमानप्रवास चारदा झाला, दर वेळी साधारण सोळा तासांचा. पहिल्यांदा ती सोळा महिन्यांची होती, आता सव्वादोन वर्षांची आहे. चारही वेळा ती स्वतःच्या कार सीटमध्ये, म्हणजे मोटारीत लहान मुलाला बांधून बसवायच्या वेगळ्या खुर्चीत बसली.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घेतलं तर आंतरराष्ट्रीय तिकीट मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्क्यांत होतं. वेगळी जागा हवी तर मुलाचं वेगळं तिकीट काढावं लागतं आणि ते बरंच महाग पडतं. पहिल्या दोन खेपांना हा खर्च टाळता आला असता. पण 1989 साली अमेरिकेत सू सिटीला कोसळलेल्या विमानाबद्दल मी वाचलं होतं. त्यात चार लेकरं मांडीवरची होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांना खाली पायांशी धरायला सांगितलं गेलं आणि त्यातलं एक दगावलं. त्या विमानातल्या हवाईसेविका जॅन ब्राउन पुढे कित्येक वर्षं मुलांना वेगळी, बांधलेली जागा मिळावी म्हणून झगडल्या. हे वाचल्यावर मांडीवर न्यायचा विचार मी सोडला. जोराचा हादरा बसला तर दहा-अकरा किलोचं मूल कुणाच्याच हातात राहत नाही.

सीट घेताना मी रंग किंवा गादी बघितली नाही, आधी लेबल शोधलं. अमेरिकन सीटवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही सीट मोटारीत आणि विमानात दोन्हीकडे वापरायला प्रमाणित आहे. ते वाक्य नसेल तर विमानात बसवू देत नाहीत. नुसती उंची वाढवणारी बूस्टर सीट टेकऑफ-लँडिंगला चालत नाही. रुंदी सोळा इंचांच्या आत असावी, नाहीतर हाताच्या दांड्यांमध्ये अडकते. मोटारीत सीट अडकवायला असतात ते आयसोफिक्सचे हूक विमानात नसतात, तिथे कमरेच्या पट्ट्यावरच भिस्त. मी घरातल्या बाकड्याला पट्टा बांधून दोन दिवस सराव केला आणि तो फार कामी आला.

पहिल्या खेपेला सीट उलटी, म्हणजे चिमीचं तोंड मागे करून लावली. या वयाला तेच सुरक्षित. पण पुढच्या प्रवाशाची खुर्ची मागे झुकेना आणि सोळा तासांच्या प्रवासात तो बिचारा वैतागला. क्रूने त्याला दुसरी जागा दिली म्हणून निभावलं. आता मी विमानात चढल्या चढल्याच क्रूला सांगते. जागा नेहमी खिडकीची घ्यायची, कारण सीटमुळे दुसऱ्याची बाहेर पडायची वाट अडता कामा नये. आपत्कालीन दाराची रांग आणि तिच्या पुढची-मागची रांगही चालत नाही. बिझनेस क्लासमध्ये किंवा पहिल्या रांगेत काही ठिकाणी पट्ट्यातच एअरबॅग असते, तिथेही ही सीट बसत नाही.

एकदा गेटवर एका कर्मचाऱ्याने सीट सामानात टाका म्हणून हट्ट धरला. लेबल दाखवलं, तिकीट दाखवलं, शेवटी वरिष्ठ आल्यावर सुटका झाली. चिमी कडेवर रडत होती आणि माझे हात थरथरत होते. अमेरिकन विमान कंपन्यांना तिथला नियम आहे : मुलाचं तिकीट असेल आणि सीट प्रमाणित असेल तर ती नाकारता येत नाही. इतर देशांच्या कंपन्यांचे नियम आपापले. त्यामुळे बुकिंग झाल्याबरोबर मी मेल करते आणि उत्तर छापून जवळ ठेवते.

झोपेचं मात्र खरंच समाधान आहे. कोल्हापूरहून मुंबईपर्यंतचे पावणेचारशे किलोमीटर चिमी याच सीटमध्ये असते. कागल-साताऱ्याच्या रुंदीकरणात गाडी किती का हेलकावे खाईना, कराड यायच्या आत ती झोपलेली असते. विमानातही तीच सीट, तीच गादी. दिवे मंद झाले की पाच-सहा तास सलग झोपते. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "लेकराला असं बांधून घालतीस व्हय?" आता पंचगंगेच्या घाटावर जायचं असलं तरी त्या स्वतःच पट्टे ओढून बघतात. आपल्याकडेही 2019 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला न बांधता नेलं तर हजार रुपये दंड आहे, तरी शेजारची मुलं गाडीत डॅशबोर्डला टेकून उभी दिसतात आणि माझा जीव वरखाली होतो.

त्रास म्हणाल तर ओझ्याचा. सीट नऊ किलोची. मी ती चाकाच्या बॅगेला पट्ट्याने बांधून ढकलते. जिन्यावर मात्र हात भरून येतात. सरळ लावल्यावर चिमीसमोरचा ट्रे पूर्ण उघडत नाही, म्हणून तिचा भात मी माझ्या ट्रेवर कालवते. तिचे पाय पुढच्या खुर्चीला लागतात. बूट काढून ठेवले की निदान आवाज कमी. एकदा विमानाच्या पट्ट्याचं बकल सीटच्या कवचात अडकून उतरताना दहा मिनिटं गेली होती. आता पट्टा आवळायच्या आधी बकलचं झाकण उघडतंय ना, हे बघून घेते.

दिवाळीत पुन्हा जायचंय. मोठ्या मुलांसाठी विमानाच्या पट्ट्याला अडकवायचा खांद्यांवरच्या पट्ट्यांचा हार्नेस मिळतो, तो दहा ते वीस किलोच्या मुलाला चालतो आणि पर्समध्ये मावतो. पण तो मोटारीत वापरता येत नाही आणि न्यूअर्कला उतरल्यावर गाडीत सीट लागतेच. तिकडे ठेवायला आम्ही दुसरी सीट घेतली तर विमानात हार्नेस वापरीन. तोवर नऊ किलो ढकलायची माझी तयारी आहे.