बॉस्टन की फिलाडेल्फिया? आई-बाबांना न्यायचं असेल तर

उन्हाळ्यात आई-बाबा न्यू जर्सीला येतात, नायगारा होतो, वॉशिंग्टन डीसी होतं, आणि मग एका वीकेंडला "इथलं जुनं काहीतरी दाखवा" अशी फर्माईश येते. ‘जुनं’ म्हटलं की दोनच नावं निघतात. माझं मत आधीच सांगून टाकते: सोबत गुडघे सांभाळून चालणारी मंडळी असतील आणि हातात एक-दोनच दिवस असतील, तर फिलाडेल्फिया. तीन दिवस सलग मिळत असतील आणि सगळ्यांना पायी भटकायची हौस असेल, तर बॉस्टन.

पहिला हिशोब अंतराचा. न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने फिलाडेल्फिया सव्वा-दीड तासावर, म्हणजे सकाळी पोहे खाऊन निघावं आणि रात्री जेवायला घरी यावं. वाट थोडी वाकडी केली तर रॉबिन्सव्हिलचं स्वामीनारायण मंदिरही त्याच फेरीत होतं. बॉस्टनला साडेचार-पाच तास धरा, आणि शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर कनेक्टिकटमधल्या ट्रॅफिकचे वेगळे. तिथे मुक्काम करावाच लागतो, आणि बॉस्टनची हॉटेलं महाग आहेत, पार्किंग तर विचारूच नका.

आता इतिहास. ब्रिटिशांशी भांडण पेटलं ते बॉस्टनमध्ये. 1770 साली सैनिकांनी जमावावर गोळीबार केला, 1773 च्या डिसेंबरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या 342 पेट्या बंदरात फेकल्या गेल्या. (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला होता. कंपनीचे पाय दोन्हीकडे अडकलेले होते, हे बाबांना सांगून पाहा, पुढचा तासभर ते तुम्हाला सोडणार नाहीत.) 1775 मध्ये शहराजवळच्या लेक्सिंग्टन-कॉन्कॉर्डला युद्धाच्या पहिल्या गोळ्या सुटल्या. पुढचं काम झालं फिलाडेल्फियात. इंडिपेंडन्स हॉलच्या एकाच दालनात 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला आणि 1787 ची राज्यघटनाही तिथेच लिहिली गेली.

म्हणून पाहण्याची रीतही वेगळी. बॉस्टनमध्ये जमिनीवर लाल विटांची एक रेघ आहे, फ्रीडम ट्रेल. बॉस्टन कॉमन या 1634 पासूनच्या मैदानापासून ती धरायची आणि सुमारे चार किलोमीटर चालत राहायचं: स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी सॅम्युएल ॲडम्स यांची कबर, ओल्ड स्टेट हाउस, त्याच लढ्यातल्या पॉल रिव्हिअरचं 1680 च्या सुमाराचं लाकडी घर, नदीपलीकडे 1797 साली पाण्यात उतरलेली युद्धनौका, आणि शेवटी बंकर हिलच्या लढाईचा स्मारकस्तंभ. त्याला 294 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. चालता चालता शहर उलगडत जातं, ही मजा मला फिलाडेल्फियात कधी आली नाही. पण रेघ अर्ध्यावर सोडली तर काहीतरी हुकल्यासारखं वाटतं, आणि ज्येष्ठ मंडळी ती बहुधा अर्ध्यावरच सोडतात. एक युक्ती आहे: नदीपलीकडच्या या चार्ल्सटाउन भागातून परतताना फेरीबोट घ्या. पाय वाचतात आणि बंदरातून शहरही दिसतं. चहाच्या पेट्या फेकायचा खेळ मांडणारं संग्रहालय मात्र मुलं लहान असतील तरच. तिकीट भारी आणि नाटक फार.

फिलाडेल्फियात महत्त्वाचं सगळं सपाट, आखीव रस्त्यांच्या काही चौकांत आहे. लिबर्टी बेल, म्हणजे तडा गेलेली ती प्रसिद्ध घंटा, फुकट, फक्त सुरक्षा तपासणीची रांग. इंडिपेंडन्स हॉलमध्ये रेंजर (राष्ट्रीय उद्यान सेवेचा वाटाड्या) एकेका गटाला आत नेऊन गोष्ट सांगतो. दालन लहान आहे, हिरव्या कापडाची टेबलं, आणि पुढे वॉशिंग्टनची अर्धा सूर्य कोरलेली खुर्ची. बेलच्या शेजारच्याच जागेवर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन राहत आणि घरात गुलाम ठेवत, हेही मुलांना सांगावं. तिथून एल्फ्रेथ्स ॲलीची जुनी घरं आणि फ्रँकलिनची कबर चालत गाठता येतात. शहर मात्र बॉस्टनपेक्षा मळकट आहे, काही स्टेशनांवर ते जाणवतं. ऐतिहासिक भागात दिवसा काही अडचण नाही.

मराठी माणसासाठी दोन्हीकडे धागा आहे. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून 1886 मध्ये डॉक्टर झाल्या, आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. मग 1887 मध्ये बॉस्टनकरांनी रमाबाईंच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन काढली, तिच्याच पैशांवर 1889 साली मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. आनंदीबाईंच्या कॉलेजचे जुने कागद आता ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहेत. माझ्या आईला लिबर्टी बेलपेक्षा हेच जास्त ऐकायचं होतं.

खाण्याचं म्हणाल तर मासे खाणाऱ्यांनी बॉस्टनला जावं. तिथलं चाउडर म्हणजे शिंपल्यांचं दूध-बटाटा घातलेलं दाट सूप, तिसऱ्यांच्या सुक्याची सवय असलेल्यांना फिकं लागेल. शेवंडीचा रोल मात्र पैसे वसूल. फिलाडेल्फियाचं प्रसिद्ध चीजस्टेक गोमांसाचं, तेव्हा मागवण्याआधी घरच्यांना विचारा. शाकाहारी मंडळींना 1893 पासूनच्या रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये न्या, गरम प्रेट्झेल आणि डोनट मिळतात. रविवारी टाळा, अमिश लोकांचे गाळे बंद असतात.

मुलांना हार्वर्ड आणि एमआयटी दाखवायचं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, बॉस्टनच. रेड लाइन मेट्रोने दोन्ही एका दिवसात होतात. त्यातही ऑक्टोबर धरलात तर पानगळीचे रंग मिळतात, शिवाय 1692 च्या चेटकीण खटल्यांचं सेलम ट्रेनने जवळ आहे, फक्त हॅलोवीनमुळे त्या महिन्यात तिथे तोबा गर्दी असते. जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईहून आलेल्यांना बॉस्टनला नेऊ नका. फिलाडेल्फिया ठरलं तर इंडिपेंडन्स हॉलची वेळ ऑनलाइन आधी घेऊन ठेवा. शुल्क नाममात्र असतं, पण उन्हाळी वीकेंडला ऐनवेळी जागा मिळत नाही.