क्यूएमू सात महिने वापरून झाल्यावर, देवनागरी लायब्ररीच्या टेस्टिंगसाठी

मी सी मध्ये एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी लिहितोय, देवनागरी मजकूर मोजायची नि तोडायची, आणि ती वेगवेगळ्या मशीनवर टेस्ट करायला गेले सात महिने क्यूएमू (एका प्रकारच्या प्रोसेसरवर दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) वापरतोय. माझ्याकडे फक्त एक इंटेलचा लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स, बाकी हार्डवेअर काही नाही.

सुरुवात झाली ती एका युजरच्या तक्रारीने, की रास्पबेरी पायवर (एआरएम प्रोसेसरचा छोटा कॉम्प्युटर) 'मराठी' या शब्दाची लांबी १५ येतेय. माझ्याकडे ५ येत होती, मित्राच्या एम१ मॅकवर (तोही एआरएमच) पण ५च, म्हणून मला वाटलं एआरएमवर सगळं ठीक आहे. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) प्लॅटफॉर्म बदलून क्यूएमूवर एआरएम लिनक्स चालवलं आणि पहिल्याच रनला १५! मी बाइट शून्यापेक्षा कमी आहे का बघून देवनागरी ओळखत होतो, पण एआरएम लिनक्सवर साधा चार (char, सी मधला एका बाइटचा प्रकार) अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडे नसलेला, असतो, तो शून्याखाली जातच नाही, मग म, र, काना, ठ, वेलांटी या पाचांचे तीन-तीन बाइट सुटे मोजले जातात. अॅपलने मात्र एआरएमवरही char साइन्डच (उणे आकडे असलेला) ठेवलाय, म्हणून मॅकने दगा दिला. (जीसीसी या कंपायलरला अनसाइन्ड char चा फ्लॅग देऊन हे इंटेलवरच पकडता येतं, आता तो रोज लावतो.)

दुसरा मोठा फायदा एस३९०एक्सचा, म्हणजे आयबीएमची मेनफ्रेम, बिग एंडियन (आकड्याचे बाइट इंटेलच्या उलट क्रमाने ठेवणारी). ती मला प्रत्यक्ष कुठे मिळणार होती? शब्दकोशाच्या फाइलमध्ये मी चार बाइटचे आकडे मेमरीतून जसेच्या तसे लिहीत होतो, तिथे १ वाचला की १६७७७२१६ यायचा. आता बाइटचा क्रम ठरवूनच लिहितो.

सेटअप एकदाच करावा लागतो, बिनएफएमटी-मिस्क ही लिनक्सची सोय लावली की कर्नल दुसऱ्या प्रोसेसरचा प्रोग्राम ओळखून आपोआप क्यूएमूकडे देतं. जीडीबी हा डीबगरही (चुका शोधायचं साधन) जोडता येतो, हे फार आवडलं.

स्लो आहे पण, चाळीस सेकंदांच्या टेस्टला सहा-सात मिनिटं, म्हणून मी प्रत्येक कमिटला नाही, रिलीजच्या आधी चालवतो. आणि थ्रेडच्या (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या) बाबतीत क्यूएमूवर विसंबू नका, खऱ्या एआरएमवर मेमरीतल्या लिहिण्या-वाचण्याचा क्रम इंटेलपेक्षा सैल असतो, इंटेलवर बसून क्यूएमूत पास झालेला कोड तिकडे पडू शकतो. थ्रेडवाला भाग आहे त्यासाठी मी आता खरा रास्पबेरी पाय घेतोय.